धनगरवाड्यावरची चराई आणि ‘स्वेच्छा’ स्थलांतराचे संमतीपत्र : सही करण्याआधी काय तपासावे?

सडाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. आमचे कुटुंब कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या माथ्यावरील एका धनगरवाड्यातले आहे. आम्ही गवळी धनगर. म्हशी राखणे, दूध-तूप विकणे आणि पावसाळ्यात उतारावर नाचणी-वरी करणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. मी नोकरीनिमित्त शहरात राहतो, परंतु आई-वडील, चुलते आणि जनावरे वाड्यावरच आहेत.

गेल्या उन्हाळ्यापासून काही कर्मचारी वारंवार वाड्यावर येत आहेत. ही जागा राखीव जंगलाची आहे, तुमचे गोठे अतिक्रमणात धरले जातील, सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, जनावरे सोडलीत तर गुन्हा दाखल होईल, असे ते तोंडी सांगतात आणि त्याच बैठकीत एक छापील कागद पुढे करतात. ‘आम्ही स्वेच्छेने स्थलांतर करण्यास तयार आहोत’ एवढेच त्यावर लिहिलेले असून खाली कुटुंबप्रमुखाची सही किंवा अंगठा मागितला जातो. आम्हांला कोठे नेणार, जमीन किती देणार, म्हशींच्या चाऱ्यापाण्याची सोय काय, यांतले एक अक्षरही त्या कागदावर नाही आणि त्याची प्रतही मिळत नाही. आमच्याकडे सातबारा नाही. घरपट्टीच्या अलीकडच्या पावत्या, शिधापत्रिका आणि मतदार यादीतील नावे एवढाच पुरावा आहे. दोन कुटुंबांनी भीतीपोटी अंगठा दिला आहे.

आमच्यासारख्यांना, म्हणजे अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या पशुपालकांना, वनहक्क कायद्याचा आधार मिळतो का? मिळत असेल तर तो फक्त घराच्या जागेपुरता आहे की चराईलाही आहे? दिलेला अंगठा आता बंधनकारक ठरतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

पोचपावती

सडाकाठ, सर्वप्रथम वाड्यावर निरोप द्या की यापुढे कोणत्याही कागदावर कोणीही सही किंवा अंगठा देऊ नये. वनहक्क मान्य होण्याआधी स्थलांतराची संमती मागणे हा कायद्याने ठरवून दिलेला क्रम उलटा करणे आहे, आणि माझ्या मते तुमच्या लढाईचा सारा भर याच एका मुद्द्यावर असायला हवा. हक्क आधी ठरले पाहिजेत, स्थलांतराचा विचार त्यानंतर.

२००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातींबरोबरच ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असा दुसरा घटक आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या वनात राहणारा आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणारा समाज त्यात येतो, आणि एक पिढी म्हणजे २५ वर्षे असा हिशेब कायद्यानेच घालून दिला आहे. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमातींत गणला जात असल्याने तुम्हांला याच दाराने आत जावे लागेल आणि पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागेल. ही अट कठीण असली तरी ती वास्तव्याची आणि वनावरील अवलंबित्वाची आहे. आज ज्या तुकड्यावर दावा करायचा तोच तुकडा पंचाहत्तर वर्षे ताब्यात असल्याचे सिद्ध करायची अट कायद्यात नाही. हा भेद न समजल्यामुळे किंवा समजूनही बाजूला ठेवल्यामुळे असंख्य दावे फेटाळले जातात, म्हणून दाव्यासोबतच्या निवेदनात तो स्पष्ट शब्दांत मांडा.

चराईविषयी कायदा अगदी निःसंदिग्ध आहे. कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत चराईचा उल्लेख असून ती एका जागी राहून केलेली असो वा हंगामानुसार फिरून केलेली असो, दोन्हींना मान्यता आहे. भटक्या आणि पशुपालक समाजांनी हंगामी साधनसंपत्ती वापरण्याची परंपराही त्याच वाक्यात नोंदलेली आहे. असे असूनही आपल्या जिल्ह्यात बहुतेकांचे लक्ष घराच्या आणि शेताच्या वैयक्तिक दाव्यावरच खिळलेले दिसते. वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा चार हेक्टर आहे, आणि चार हेक्टरांत दहा-बारा म्हशींचा कळप वर्षभर जगत नाही, हे तुमच्या वडिलांना मी सांगण्याची गरज नाही. सडा, उन्हाळ्यात न आटणारा झरा आणि पावसाळ्यात जनावरे आडोशाला नेण्याची राई हातून गेली, तर घराचा दाखला घेऊनही धनगराला वाडा सोडावाच लागेल. म्हणून चराई, पाणवठे आणि जनावरांच्या वाटा यांचा सामूहिक दावा प्रथम दाखल करा. वैयक्तिक दावे त्याच्यासोबत जाऊ द्या. ते मान्य झाल्यावर हक्कपत्रावर पती आणि पत्नी या दोघांचीही नावे लागतात, एवढे ध्यानात ठेवा.

आता हुसकावण्याविषयी. कलम ४ च्या पाचव्या पोटकलमानुसार हक्क मान्य करण्याची आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणत्याही वननिवासीला त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून काढता येत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रासाठी वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली जी दुरुस्ती झाली, तिनेही हेच सूत्र स्वीकारले आहे. तेथील वननिवासींना हलवण्याआधी त्यांचे हक्क निश्चित झालेले असले पाहिजेत, मानवी वावरामुळे वन्यजीवांची भरून न येणारी हानी होते आणि सहजीवनाचा दुसरा मार्ग उरलेला नाही हे दाखवून दिलेले असले पाहिजे, उपजीविकेची हमी देणारी योजना तयार असली पाहिजे, ग्रामसभेची आणि बाधित व्यक्तींची माहितीपूर्वक संमती हवी, आणि नव्या ठिकाणची जमीन व सोयी प्रत्यक्ष पूर्ण होईपर्यंत जुन्या हक्कांना हात लावता येत नाही.

स्वेच्छेने केलेल्या स्थलांतराची वाट त्या तरतुदीत वेगळी ठेवलेली आहे, आणि नेमक्या त्याच शब्दाचा आधार तुमच्या हातात दिलेल्या कागदाने घेतला आहे. परंतु ते स्थलांतरसुद्धा दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या अटींवरच होऊ शकते. ज्या कागदावर एकही अट नाही आणि जो गुन्ह्याची धमकी देऊन पुढे केला गेला, त्याला संमती म्हणता येणार नाही. ज्या दोन कुटुंबांनी अंगठा दिला आहे, त्यांनी तो कोणत्या परिस्थितीत दिला याचे लेखी निवेदन करून संमती मागे घेत असल्याचे प्रांताधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना कळवावे. अर्ज समक्ष द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

मोडीवाचक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. पुराव्याच्या बाबतीत कोल्हापूरकरांपुढे जी वेगळी अडचण येते, तिच्याविषयी थोडे लिहितो.

१३ डिसेंबर २००५ पासून मागे पंचाहत्तर वर्षे मोजली की आपण १९३० च्या डिसेंबरात पोहोचतो. तेव्हा येथे ब्रिटिशांचा थेट अंमल नव्हता. कोल्हापूर संस्थानावर राजाराम महाराजांचे राज्य होते आणि संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या वनखात्याचे कागद शोधत बसल्यास हाती काही लागणार नाही. संस्थानी काळातील दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे आणि त्यातील बराच भाग मोडीत आहे. शिवाय घाटमाथ्यावरील पुष्कळशी गावे थेट दरबाराकडे नव्हती, विशाळगड आणि गगनबावडा या जहागिरींकडे होती. तुमचा वाडा ज्या गावाच्या शिवारात येतो, ते गाव तेव्हा कोणाकडे होते हे आधी ठरवा आणि मगच अर्ज करा. चराईच्या वसुलीच्या नोंदी, म्हशींवरील कर, कुमरी शेतीविषयीचे (म्हणजे डोंगरावरील फिरत्या शेतीविषयीचे) हुकूम, गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, हे सारे पाहण्यासारखे आहे. आजोबा-पणजोबांचे नाव आणि त्यापुढे वाड्याचे नाव एका जरी नोंदीत सापडले, तरी दाव्याला मोठे बळ येते.

कागद सापडला नाही म्हणून मात्र हातपाय गाळू नयेत. वनहक्क कायद्याखालील नियमांपैकी नियम १३ मध्ये कागदाव्यतिरिक्तचे पुरावेही दिलेले आहेत. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, वंशावळ, जुनी घरे, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि जमिनीवर केलेली बांधबंदिस्ती, हे सर्व पुरावा म्हणून ग्राह्य आहे. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे जोडावे लागतात, एवढीच दक्षता घ्या. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार दावे तपासणाऱ्या उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्यांना कोणत्याही एका विशिष्ट कागदाचाच हट्ट धरता येत नाही, आणि केवळ जुनी दंडाची पावती वा अतिक्रमणाच्या यादीतील नाव नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही.

एका धनगरवाड्याची पाहणी करताना मी गावकऱ्यांसोबत होतो. ओस पडलेल्या जुन्या वाड्याच्या जागी गवत बाजूला केल्यावर जोत्याचे दगड ओळीने उघडे झाले. शेजारच्या कातळात नाचणी कांडण्याचे उखळ कोरलेले होते, त्याची कड वापराने गुळगुळीत झालेली होती, आणि झऱ्यापाशी जनावरांसाठी दगडाची डोण होती. उपस्थित तलाठ्यांनी त्या तिन्ही खुणा पंचनाम्यात अक्षांश-रेखांशासह घेतल्या. तुमच्या वाड्याभोवती अशा खुणा नक्की असतील. त्यांची छायाचित्रे घ्या आणि प्रत्येक खुणेविषयी वाड्यातील म्हाताऱ्या माणसांकडून माहिती लिहून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका, कारण १९३० च्या पिढीला प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.

सडाकाठ (कोल्हापूर)

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. आमचा वाडा पूर्वी विशाळगड जहागिरीत होता असे चुलते सांगतात, त्या दिशेने शोध सुरू करतो.

आणखी दोन अडचणी आहेत. आमची ग्रामपंचायत खाली, बऱ्याच अंतरावरच्या मोठ्या गावात आहे. तेथील ग्रामसभेत वाड्याचे मतदार मूठभर असतात आणि आमचा विषय शेवटी घेऊन पुढे ढकलला जातो. दुसरे असे की वाड्यावर आजही रस्ता आणि वीज नाही. आजारी माणसाला झोळीत घालून डांबरीपर्यंत न्यावे लागते. बाळंतपणाच्या वेळी घरच्या बायकांचे जे हाल होतात, ते पाहून आमच्याच काही तरुणांचे मत स्थलांतराकडे झुकले आहे. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

गवताळ

मी गवताळ प्रदेशांचा अभ्यास करतो, म्हणून वन्यजीवांच्या बाजूनेही विचार व्हावा यासाठी लिहीत आहे. राधानगरी आणि चांदोली यांच्यामधला डोंगरपट्टा हा गवे, बिबटे आणि वाघ यांच्या ये-जा करण्याचा मार्ग आहे आणि तो तुटू नये असे मला मनापासून वाटते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून झाला. त्यानंतर विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रे घोषित झाली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की संवर्धन राखीव क्षेत्र हे अभयारण्य नव्हे. ते स्थानिक समाजाशी सल्लामसलत करूनच घोषित करावयाचे असते, आणि अभयारण्यासाठी हक्कांची चौकशी करून ते संपादित करण्याची जी कलमे आहेत, ती तेथे लागू होत नाहीत. तेव्हा तुमचा वाडा नेमका कोणत्या प्रकारच्या क्षेत्रात येतो, हे लेखी विचारून घ्या. गाभा क्षेत्राचा नियम सांगून संवर्धन राखीव क्षेत्रातल्या माणसांना उठवले जात असेल, तर त्याला कायद्याचा आधार नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते आहे असेही नाही. टांझानियात १९५९ साली सेरेंगेटीतून मासाई पशुपालकांना बाहेर काढले गेले आणि शेजारच्या न्गोरोंगोरोमध्ये गुरांसह राहता येईल असे त्यांना सांगण्यात आले. आज तेथूनही त्यांना हलवले जात आहे. जून २०२२ मध्ये लोलिओंडो भागात १,५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीवर शिकारक्षेत्राच्या हद्दीचे खांब रोवताना पोलीस आणि मासाई यांच्यात संघर्ष झाला, गोळ्या झाडल्या गेल्या आणि अनेक कुटुंबे सीमा ओलांडून केनियात गेली. त्याच भागातील चार गावांनी २०१७ च्या घरजाळणीविरुद्ध पूर्व आफ्रिकी न्यायालयात दावा केला होता. तो २०२२ साली फेटाळला गेला, कारण जळालेली घरे गावाच्या हद्दीत होती की राष्ट्रीय उद्यानाच्या, हे पुराव्यानिशी सिद्ध झाले नाही असे न्यायालयाने म्हटले. अपिलात तो निर्णय टिकला नाही, परंतु मधली वर्षे गेलीच. याउलट केनियातील बोगोरिया सरोवराकाठच्या एंडोरोइस पशुपालकांना १९७० च्या दशकात अभयारण्यासाठी हुसकावले होते. ती जमीन त्यांचीच आहे, असा निर्णय आफ्रिकी मानवी हक्क आयोगाने दिला आणि तो २०१० साली जाहीर झाला. म्हणून मोडीवाचक यांनी सांगितलेल्या अक्षांश-रेखांशाच्या नोंदी अतिशय काळजीपूर्वक करा. चराईच्या वाटा, पाणवठे आणि वाड्यांच्या जुन्या जागा नकाशावर तुमच्या हातांनी उतरलेल्या असतील, तर हद्दीच्या वादात तुमची बाजू भक्कम राहील.

सड्यावरच्या गवताविषयी एवढेच सांगतो की चराई पूर्ण थांबवली म्हणजे सडा आपोआप सुधारतो, हा समज बरोबर नाही. कोणत्या महिन्यात किती जनावरे, वणवा कसा रोखायचा, झऱ्याभोवतीची झाडी कशी राखायची, हे नियम धनगरांनीच ठरवून लेखी दिले तर माझ्यासारखे अभ्यासक तुमच्या बाजूने उभे राहतील. कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव आणि वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेलाच आहे.

कोडोलीकर

आम्ही मेंढपाळ, हातकणंगले तालुक्यातले. आमची गोष्ट थोडी वेगळी आहे. आम्ही वर्षातले कित्येक महिने मेंढरे घेऊन फिरतीवर असतो, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवतो आणि पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला एकत्र येतो. आम्ही गावात नसताना पडताळणी होते आणि ‘दावेदार गैरहजर’ असा शेरा पडतो. नियम १२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की पशुपालक आणि भटक्या समाजांच्या दाव्यांची पडताळणी ते स्वतः किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असताना झाली पाहिजे. ज्यांचे कळप हलते असतात, त्यांनी आपण कोणत्या महिन्यात कोठे असतो याचे वेळापत्रक अर्जासोबतच द्यावे. आम्ही आता तसेच करतो.

पोचपावती

सडाकाठ यांच्या दोन अडचणींविषयी.

वाडा हा स्वतंत्र महसुली गाव नसला तरी वनहक्क कायद्याच्या दृष्टीने तो गाव ठरू शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेला नियम २क असे सांगतो की प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतील नोंद नसलेल्या वाड्या-वस्त्यांची यादी करून, त्या त्या वस्तीच्या सभेत ठराव घेऊन, ती उपविभागीय समितीकडे पाठवावी. तुमचा वाडा या यादीत घालण्याची लेखी मागणी ग्रामसेवकांकडे आजच करा. तोवर मूळ ग्रामसभेत जावेच लागले, तर दाव्यांच्या ठरावाच्या वेळी दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान निम्मे उपस्थित असावे लागतात आणि गावपातळीवर दावे पडताळणाऱ्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात, हे निदर्शनास आणा. वाड्यावरच्या बायका खाली उतरून सभेला बसल्या की विषय पुढे ढकलणे कठीण होते, हा माझा अनुभव आहे.

रस्त्याचा आणि विजेचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. माणसाला झोळीतून न्यायला लावायचे, वर्षानुवर्षे विजेविना ठेवायचे आणि मग तो ‘स्वेच्छेने’ निघाला असे लिहून घ्यायचे, हेही सक्तीने हुसकावणेच आहे. तुमच्या तरुणांना सांगा की या सोयींसाठी वाडा सोडण्याची अट कायद्यात कोठेही नाही. कलम ३ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार रस्ता, वीजवाहिनी, पिण्याचे पाणी, शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा तेरा प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, एवढ्याच अटी आहेत. रस्त्याचा ठराव आणि चराईचा सामूहिक दावा एकाच सभेत मंजूर करून घ्या.

व्याघ्र प्रकल्पातील स्थलांतरासाठी प्रत्येक कुटुंबामागे पूर्वी १० लाख रुपये मिळत आणि २०२१ पासून १५ लाख मिळतात. ज्यांना सर्व माहिती घेऊन, हक्कपत्र हाती आल्यावर, खरोखर जायचे असेल त्यांचा तो अधिकार आहे आणि त्याला कोणी आडकाठी करू नये. पण ती रक्कम म्हशींना कुरण देत नाही, हे जाणाऱ्यांना आधी कळले पाहिजे. हक्क मान्य झालेल्या कुटुंबाशी वाटाघाटी करताना समोरच्याला अटी लिहून द्याव्या लागतात. अतिक्रमणदार ठरवलेल्या कुटुंबाला मात्र मिळेल ते घेऊन निघावे लागते.

दावा फेटाळला गेल्यास कारणांसह लेखी निर्णय मागा. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जाण्यास प्रत्येकी साठ दिवस मिळतात, आणि ही मुदत चुकवू नका. दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १३ फेब्रुवारी २०१९ चा आदेश त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्थगित झाला होता. कोणी त्या पहिल्या आदेशाचा धाक घालत असेल, तर त्याला दुसऱ्याची प्रत दाखवा.

संमतीपत्रे मागे घेण्याच्या अर्जाचा आणि सामूहिक दाव्यासोबतच्या निवेदनाचा मसुदा मी तयार करून देतो. वाड्याचे नाव, कुटुंबप्रमुखांची यादी आणि कर्मचारी कोणत्या तारखांना आले याची नोंद मला येथे जाहीरपणे न देता खाजगी निरोपातून पाठवा.

सडाकाठ (कोल्हापूर)

पाठवतो. चुलत्यांशी बोलणे झाले आहे. येत्या रविवारी सर्व कुटुंबांची बैठक वाड्यावरच बोलावली आहे, आणि ज्या दोन घरांनी अंगठा दिला होता तेही येणार आहेत. मोडीवाचक, पुराभिलेखागारात आपण सोबत येऊ शकलात तर फार उपकार होतील.

मोडीवाचक

अवश्य येईन. वंशावळीत पणजोबांपर्यंतची नावे आणि घराण्यातील आडनावाचे जुने रूप विचारून ठेवा, म्हणजे दप्तरात नेमके काय शोधायचे ते ठरवता येईल.